जरा डावी

हेडक्लार्कसाहेबांनी घरात आणलेला पंखा फिरताना कण्हायचा आणि त्यांनी पसंत केलेला रेक्झिनचा सोफा पाहुणे उठले की त्यांच्याबरोबर उठायचा. त्यामुळे त्यांनी गिटार घ्यायचे जाहीर केले, तेव्हा बायकोने डाव्या हातातली सुरी खाली न ठेवता शेंगा चिरणे चालूच ठेवले.

"घ्या की. पण ती भिंतीवर शोभली पाहिजे, कानाला गोड लागली पाहिजे आणि खिशाला झेपली पाहिजे. हीसुद्धा फसली, तर यापुढे घरातली सगळी खरेदी मी करणार. तुमच्या बनियनसकट."

गोष्ट बनियनपर्यंत आल्यावर साहेब इरेला पेटले.

दुकानातली पहिली गिटार दिसायला देखणी होती, पण आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा. दुसरीचा आवाज गोड, पण रंग असा की कुणीतरी चहा सांडून पुसायला विसरले असावे. तिसरीत दोन्ही गुण होते. तिची किंमत वाचून साहेबांनी ती दोन्ही हातांनी जपून जागेवर ठेवली. मग कोपऱ्यात त्यांना मधाच्या रंगाची, निम्म्या किमतीची एक दिसली.

"ती होय? ती जरा डावी आहे, साहेब," मालक म्हणाला.

स्वतःच्या मालाला स्वतःच नावे ठेवणारा दुकानदार साहेबांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. नक्कीच ती कुणा ओळखीच्यासाठी राखून ठेवली असणार.

"कशात डावी? दिसायला?"

"छे, दिसायला उत्तम."

"मग आवाजाला?"

मालकाने तारांवरून अंगठा फिरवला. सूर असा निघाला की साहेबांनी नकळत डोळे मिटले.

"आवाजालाही नाही. पण डावी ती डावीच. म्हणून तर पडून आहे."

"तुम्हीच डावी म्हणताय, तर अजून थोडे कमी करा."

मालकाने कमी केले. "तुम्ही स्वतःच वाजवणार ना? बघा हं, डावी आहे, परत घेणार नाही."

उजव्या हाताने गिटार छातीशी धरून साहेबांनी डाव्या हाताने पैसे पुढे केले, तेव्हा मालकाची उरलीसुरली शंका फिटली.

घरी बायकोने गिटार सगळीकडून न्याहाळली. तिला खोट सापडेना. साहेब ताठ मानेने मोबाइलवर पहिला धडा लावून बसले. जाड तार वर हवी, असे त्यात सांगत होते. यांची खाली होती. त्यांनी गिटार फिरवली, तर तार वर आली, पण बाकी सगळे भलत्याच हातात गेले. तसेच ते आरशासमोर बसले. आरशातला माणूस अगदी धड्यातल्यासारखा बसला होता, फक्त त्यालाही वाजवता येत नव्हते. शेवटी त्यांनी दुकानात फोन लावला.

"अहो, हिच्या तारा उलट्या लावल्यात."

"डावखुऱ्यांची आहे ती. किती वेळा सांगितलं, डावी आहे म्हणून."

"मला वाटलं, डावी म्हणजे जरा कमी."

"मी गिटारबद्दल बोलत होतो, साहेब," मालक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

साहेबांच्या डोळ्यांपुढे बनियन नाचू लागले. तेवढ्यात बायको हात पुसत आली, गिटार उचलून खुर्चीत बसली आणि तिचा डावा हात आपसूक तारांवर गेला. एक सूर निघाला, मग दुसरा. ती खाली मान घालून तारा छेडत राहिली.

"शाळेत मला हीच शिकायची होती. बाई म्हणाल्या, डाव्या हाताची गिटार नसतेच. मला ते खरंच वाटलं हो." तिने वर पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही मुद्दाम शोधून आणलीत?"

साहेबांना आधी लाज वाटली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून लाजेचे काय करावे ते कळेना.

"दुकानदार सारखा डावी आहे, डावी आहे म्हणत होता," ते हळूच म्हणाले. "पण मी ऐकलंच नाही."

यात एक अक्षरही खोटे नव्हते.

पुढचे बनियनही त्यांनीच आणले. दोन नंबर मोठे निघाले, पण घरात कुणी काही बोलले नाही.