पत्र्यावरचा दात

ओळख झाली की चारचौघं नमस्कार करतात. आमच्या सोसायटीतल्या जगदाळे डॉक्टर समोरच्याची हनुवटी धरतात. तोंड उजेडाकडे वळवतात, गालावरून अंगठा फिरवतात आणि निकाल सांगतात. आम्ही नेरूळला राहायला आलो त्याच दिवशी, सामानाचा टेम्पो खाली उभा असताना, लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या नवऱ्याला पकडलं. "नाक मोडलं होतं ना कधीतरी? आणि तसंच ठेवलंस वाकडं? लाज नाही वाटत?" नवरा शाळेत कबड्डीत आपटला होता म्हणे. इतकी वर्षं संसार केला, पण त्याचं नाक वाकडं आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नाही. तो राग अजून गेलेला नाही माझा.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, जबड्याच्या सर्जन. सरकारी हॉस्पिटलात आयुष्यभर फुटलेले ओठ शिवले, मोडलेले जबडे तारांनी बांधले आणि रिटायर होऊन आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या. हत्यारं खाली ठेवली, संताप मात्र सोबत आणला.

सकाळी त्या गेटवर उभ्या असतात. हेल्मेट हाताला अडकवून कुणी बाइकवरून निघाला की चाकापुढे जाऊन विचारतात, "कोपराला जबडा आहे का रे तुझ्या?" डोक्यावर घातलं पण पट्टा मोकळा असेल, तर स्वतःच्या हातानं तो असा करकचून लावतात की बेलापूरच्या ऑफिसात पोचेपर्यंत माणसाला तोंड उघडता येऊ नये. दहीहंडीला पोरं उघड्या डोक्यांनी थर लावायला लागली, तेव्हा बाई खुर्ची घेऊन बरोबर हंडीखाली बसल्या. "पडा माझ्यावर. उचलायला लांब जायला नको." शेवटी क्रिकेटची हेल्मेटं गोळा करून पोरं चढली. हंडी फुटली, सगळं दही बाईंच्या डोक्यावर आलं, तरी शेवटचा पोरगा खाली उतरेपर्यंत त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत.

तळमजल्यावरच्या काकांची कपाटाचं दार लागून भुवई फुटली. काकांनी जखमेत कॉफी पावडर दाबली. त्यावर बाई लिफ्टच्या दारातूनच कडाडल्या, "दूध-साखर पण आणू का? स्वच्छ फडकं घेऊन दाबून धरायचं, एवढं पण कळत नाही?"

मला ही बाई अजिबात आवडत नव्हती, सरळ सांगते. काळजी असली म्हणून काय झालं, माणसानं नीट बोलावं ना! आठवडाभर ऑफिसात साहेबाची बोलणी खायची आणि घरी आलं की लिफ्टमध्ये यांची. कशाला?

मग त्या रविवारी माझी ऋतू पार्किंगमध्ये स्केटिंग करताना खांबाच्या कट्ट्यावर तोंडावर आपटली. चौथीतली पोर. मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर तिचा ओठ सुजलेला, फ्रॉकवर रक्त आणि वरचा समोरचा दात गायब. सासूबाई तिला मांडीवर घेऊन निवांत बसलेल्या.

"आई, दात कुठाय?"

"हातात घेऊन वर आली, टाकला की पत्र्यावर. उंदीरमामाला सांगितलंय, नवा दे म्हणून. वर्षभर पडत्यातच की तिचं. त्यात काय?"

सासूबाईंच्या गावी पोरांचे पडलेले दात कौलांवर टाकतात. फ्लॅटला कौलं कुठून येणार? म्हणून आमच्या खिडकीखालच्या पार्किंगच्या पत्र्यावर त्या ऋतूचे दुधाचे दात टाकत आल्या होत्या.

रडणं ऐकून जगदाळे डॉक्टर खाली आल्या. आधी ऋतूला विचारलं, चक्कर येते का, उलटीसारखं वाटतं का. दात मिटायला लावले, जबडा दोन्हीकडून चाचपला. मग ती मोकळी जागा बघितली.

"दात?"

सासूबाईंनी खिडकीकडे बोट केलं. आणि बाईंचा पारा चढला.

"अहो, हा कायमचा दात! मुळासकट निघालाय, वेळेत बसवला तर जगेल. आता काय उंदीर देणार आहे दुसरा? शिडी आणा! आणि वाटीत गार दूध घ्या, लवकर!"

गुडघ्यांमुळे एक मजलासुद्धा न चढणारी ही बाई शिडी चढली. वॉचमन खालून विनवत होता, "मॅडम, मैं जाता हूं ना."

"तू मुळाला हात लावशील. गप शिडी धर."

वरून आवाज येत राहिला. "हा दुधाचा. हाही दुधाचाच. आजी, दुकान मांडलंय का इथं?"

मी खाली वाटी घेऊन उभी होते. पोरीचा आयुष्यभराचा दात कबुतरांच्या घाणीत पडला होता. मला सासूबाईंचा राग येत होता, त्या पत्र्याचा येत होता, शिडीवर वेळ लावणाऱ्या बाईंचा तर फारच येत होता. मग त्यांनी मुळाला बोट न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून, एक दात उंचावला.

तो दुधात विसळून त्यांनी तिथल्या तिथे ऋतूच्या हिरडीत बसवला. वर स्वच्छ रुमाल ठेवून तिला चावून धरायला सांगितलं. पुढे तार बांधायला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला त्यांच्या ओळखीच्या दवाखान्यात निघालो, तर रिक्षात तोंडाचा पट्टा सुरूच. "स्केटिंगला पाठवतेस आणि दातांना गार्ड नाही? गुडघ्यांना पॅड आहेत! गुडघ्यानं हसणार आहे का ही?"

माझा तोल सुटला. "बास करा ना डॉक्टर! एवढा कसला राग आहे तुम्हाला सगळ्यांचा?"

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "माझ्याकडे सगळे फुटलेलं तोंड घेऊन आले गं. टाके निघाले, तारा निघाल्या, की परत कुणी येत नाही. कशाला येतील? त्यांना ते विसरायचं असतं. पण मी दुरुस्त केलेलं तोंड पुढं हसलं कसं, ते मी बघितलेलंच नाही. डोळे मिटले की मला नुसती मोडलेलीच दिसतात."

ऋतू आमच्या मध्ये रुमाल चावत बसली होती, तिनं सगळं ऐकलं.

दोन आठवड्यांनी तार निघाली, दात पक्का बसला. दवाखान्यातून आल्या आल्या ऋतू मला ओढत वरच्या मजल्यावर घेऊन गेली. बाईंनी दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आता काय? परत आपटलीस?"

ऋतू नुसती हसली, सगळे दात दाखवून.

बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. आता काहीतरी बोलतील, गार्डवरून ओरडतील, म्हणून मी वाट बघत होते.

"थांब हं," त्या हळूच म्हणाल्या. "मिटू नकोस एवढ्यात. मी चष्मा आणते."