सिंधुबाईंचं पाणी आणि धोंडप्पांची बोट

धोंडप्पांच्या बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सिंधुबाईंनी पाणी भरून ठेवलं होतं. वीस-वीस लिटरचे कॅन, तेलाचे धुतलेले डबे, कळशी, झाकणाची बादली, आणि कुकरसुद्धा. मालवणच्या जेट्टीवरचा नळ दिवसभर चालू असतो हे त्यांनी पाहिलं आणि दुष्काळी निलंग्याच्या बाईला जे सुचायचं तेच सुचलं.

"अगं, आज सांजंला गोव्यात पोचायचंय. म्हैनाभर न्हाई चाललाव."

"नळ पुन्हा कवा येईल, कुणी सांगावं?"

"तो जातच न्हाई, सिंधु."

"आपल्याकडं बी आधी असंच म्हणायचे."

धोंडप्पा आयटीआयमधून निवृत्त झाले आणि मालवणात नोकरीला असलेल्या मुलाकडे हिवाळे काढता काढता शिडाची बोट चालवायला शिकले. मग एक जुनी बोट घेतलीच. निलंग्यात लोक हसले. सगळ्यात जास्त हसला तो सिंधुबाईंचा धाकटा भाऊ शिवलिंग. बारशाच्या पंगतीत, भर वरण-भातावर तो म्हणाला होता, "दाजी, तुम्ही जासाल शिडावर, पर पोचसाल दुसऱ्याच्या दोरीनं. मीच थांबतो गोव्याला, दोर घिऊन."

तेव्हापासून धोंडप्पांना गोव्याचं अप्रूप नव्हतं. त्यांना फक्त तिथं येऊन थांबलेल्या शिवलिंगच्या डोळ्यांदेखत, कुणी न ओढता, बंदरात शिरायचं होतं.

सकाळ छान गेली. जाळी आणि खडक टाळायला त्यांनी बोट खोल समुद्रात घातली. किनारा दिसेनासा झाला, सिंधुबाईंनी धपाटे काढले, आणि तेवढ्यात उजव्या अंगानं वारं सुटलं. लाटा घराएवढ्या नव्हत्या, पण न्हाणीघराएवढ्या नक्की होत्या. धोंडप्पांनी शीड अर्धं उतरवलं, तरी बोट डावीकडे झुकली ती झुकलीच. कारण स्टोव्ह डावीकडे होता, आणि पाणी स्वयंपाकाजवळ ठेवायचं ही सिंधुबाईंची रीत.

"सिंधु, पाणी फेक."

"काय फेकू?"

"पाणी. समुद्रात."

सिंधुबाईंनी कळशी जवळ ओढली. सासूबाईंना फेक म्हणाले असते तर त्यांनी निदान विचार केला असता.

"गोडं पाणी हाय ते. खाऱ्यात वततेत का कुणी?"

"बोट उलटंल की."

"मग उजवीकडं ठिवते. त्याला काय लागतंय?"

टँकरच्या गर्दीत कोपरं खात, थेंब न सांडता घागर घरापर्यंत आणलेली बाई ती. तिला लाटांचं काय? बोट वर गेली की थांबायचं, खाली आली की सरकायचं. एकेक कॅन उजवीकडे, खाली तळाला, साडीच्या पट्ट्यांनी बांधून टाकला. शेवटची कळशी बसली आणि बोट सरळ झाली. वजन तळाला बसल्यानं ती लाटांवर उड्या मारायचंही विसरली.

धोंडप्पांनी सुकाणू सरळ केलं.

"फेकायचं का मग?" सिंधुबाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे आता."

तासाभरानं गोव्याकडे वळायची वेळ आली. "आता सगळं डावीकडं घे," धोंडप्पा हळूच म्हणाले. "वळल्यावर वारं तिकडून येतंय."

"आधी ठरवा तुम्ही. टँकरवाला बी एवढं फिरवत न्हाई." पण फिरवलं त्यांनी.

बंदराच्या तोंडाशी एक मोटरबोट भोवऱ्यासारखी फिरत होती. मशीन बंद पडलं होतं. चालक शांतपणे तंबाखू मळत होता आणि पुढे कठड्यावर कुणीतरी पोटावर आडवं पडलेलं, गळ्यात नवा कोरा दोर.

"शिवल्या हाय का रं तू?" सिंधुबाई ओरडल्या.

"अक्का," आवाज आला, "तुम्हाला आणाया निघालो होतो."

पंगतीपासून धोंडप्पांनी या माणसासाठी एक वाक्य घासून-पुसून ठेवलं होतं. पण त्याचा हिरवट चेहरा बघून ते एवढंच म्हणाले, "दोर इकडं फेक. अन् डोळे मीट."

जड बोट सावकाश निघाली, मागे मोटरबोट. अर्धं शीड फुगलेलं, सुकाणूवर धोंडप्पा ताठ, कॅनवर सिंधुबाई बसलेल्या. वाऱ्याला भिऊन दुपारपासून बांधून पडलेल्या बोटींतले लोक उठून उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी भोंगा वाजवला. धोंडप्पांनी मान हलवली, जणू रोजचंच आहे.

धक्क्याला लागताच शिवलिंगनं जमिनीला हात लावला, तोंड पुसलं आणि निलंग्याला आईला फोन केला.

"हाव अव्वा, पोचलाव. वारं लई वंगाळ होतं. न्हाई न्हाई, काळजी कामून? मीच गेलो होतो ना समोर, दोर घिऊन."

धोंडप्पांनी तोंड उघडलं. सिंधुबाईंनी त्यांचा हात दाबला.

"बोलू द्या त्याला," त्या म्हणाल्या. "पोटात काईच राह्यलं न्हाई लेकराच्या. तेवढं तरी राहू द्या."