वेणूआजीच्या आळीत वीज नाही

फोन आला तेव्हा वेणूआजी गिरणीच्या तोंडात तांदूळ ओतत होती. गिरणी चालू असली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही, तिथे फोनवरचं काय कळायचं. तरी तिने घेतला. सून अंजनी दोन हात लांब होती, मुलगा जयदेव पोती उचलत होता. पण घरातला फोन घ्यायचा मान वेणूआजीचा होता, आणि पंचाहत्तरी ओलांडली तरी तो तिने कोणाला दिला नव्हता.

"नमस्कार. मी अंबरनाथहून पुष्कर बोलतोय. आम्ही ग्रामीण भागासाठी सौर प्रकल्पांचं नियोजन करतो. आपली पाच मिनिटं मिळतील का?"

"तीन घे. दळन लागलंय."

पुष्करला अंबरनाथ पूर्वेच्या ऑफिसात बसून संध्याकाळपर्यंत चाळीस गावांचं सर्वेक्षण संपवायचं होतं. वेणूआजीचं गाव चामटोली तिथून तासाभरावर होतं, पण फोन हाताशी होता.

"आपल्या घरी वीज आली आहे का?"

आता वेणूआजीच्या घरात जी यायची आणि जायची ती 'लाईट'. बिल यायचं तेही लाईटबिल. 'ईज' म्हणजे आभाळातली. तीच, दोन पावसाळ्यांमागे शेजारच्या धर्मराजच्या चिंचेवर पडलेली. आजीच्या अंगावर काटा आला.

"ईज? माझ्या घरी? जीभ हाय का काय तुझी! सात पिढ्यांत आली नाय, नि येनार पन नाय!"

"म्हणजे... यावी अशी इच्छाही नाही?"

"तुझ्या घरी आलेली चालंल का तुला?"

"आमच्याकडे आहेच की, आजी."

वेणूआजीचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे देवा! कोनाला काय झाला नाय ना?"

पुष्कर पुढच्या प्रश्नाकडे वळला. त्याच्या कागदावर असल्या उत्तराला चौकोन नव्हता.

"मागे घरघर कसली येतेय?"

"दळतंय नाय का मी!"

"या वयात? बरं, अंधार पडल्यावर काय कामं करता?"

"झोपतो. तू काय करतोस?"

"शेजारच्या नऊ घरांचे नंबर मिळतील का?"

"त्यांना कशाला इचारतोस? माझ्या आळीचं मला इचार. त्या धर्मराजकडं एकदाच आली होती. म्हैस मारून गेली. तवापासून आळीत नाव काढत नाय कोनी."

तीन मिनिटं संपली. आजीने फोन ठेवला आणि अंजनीला म्हणाली, "अंबरनाथचा पोर होता. त्याच्या घरावर ईज पडलीय. तरी कामाला आलाय बिचारा."

तीन आठवड्यांनी तो बिचारा स्वतःच आला. पाठीला बॅग, हातात फाइल. आळीच्या तोंडाशी त्याने खांबावरचा दिवा पाहिला. तो सकाळी अकरालाही पेटलेला होता, कारण त्याला विझवायचं काम कोणाकडे नव्हतं. मग त्याला धर्मराजच्या घरातला टीव्ही ऐकू आला. मग गिरणी दिसली, दहा हॉर्सपॉवरची, पिठाने पांढरी झालेली, गरगर फिरणारी. जयदेवने नुकत्याच ठेवलेल्या पोत्यावर पुष्कर बसला.

"आजी," तो म्हणाला, "तुमच्याकडे वीज आहे."

"तोच का तू? सारखं काय रे ईज ईज?"

"अहो, हीच! ही मोटर कशावर चालते?"

"लाईटीवर."

"त्यालाच वीज म्हणतात!"

"मंग लाईट म्हनायला तुझी जीभ झडत होती?"

 पुष्करने फाइल उघडून पुढे धरली. अंजनी दहावीपर्यंत शिकलेली, तिने मोठ्याने वाचलं. "श्रीमती वेणूबाई यांच्या घरी सात पिढ्यांत वीज आलेली नाही. ती येऊ नये, अशी त्यांची तीव्र भावना आहे. वृद्ध महिला आजही जात्यावर दळतात. सूर्यास्तानंतर आळीतले सर्व व्यवहार थांबतात. पूर्वी एका घरात वीज आणण्याचा प्रयत्न झाला असता जनावर दगावले. जनजागृतीची नितांत गरज."

जयदेवला हसू आवरेना. तो पोत्यांच्या मागे गेला.

वेणूआजी मात्र हसली नाही. "काय लिवलाय? सात पिढ्या?"

"तुम्हीच सांगितलंत, आजी."

"अरे, ही लाईट आनली कोनी? मी! एकोनीस वेळा गेली मी बदलापूरला लाईटच्या हापिसात, चालत. सायेब बोलायचा, पुढल्या महिन्यात. इसाव्या वेळी भाकरी बांधून नेली नि त्याच्या टेबलासमोर बसली. बोलली, तुझा पुढला महिना येतोय तवर मी हितंच जेवते. आठ दिवसांत खांब आला. पयला माझ्या दारात. मी त्याला हळदकुंकू लावला, खांबाला! नि तू माझ्याच नावावर काळोख लिवतोस?"

तिला बसावंसं वाटलं. एकोणीस वेळा चालताना जेवढी दमली नव्हती तेवढी ती हा कागद ऐकून दमली. आयुष्यात एक काम असं केलं होतं की मेल्यावर लोक म्हणतील, लाईट वेणूने आणली. आता कागद म्हणणार होता की आणलीच नाही.

"खोड ते," ती म्हणाली.

पुष्करचा चेहरा पडला. कागद खोडता येण्यापलीकडे गेला होता. ऑफिसच्या पद्मजा मॅडमना हा अहवाल इतका आवडला होता की येत्या गुरुवारी त्या आठ पाहुणे घेऊन येणार होत्या. हे पाहुणे आपल्यासारख्याच निरनिराळ्या देशांतले होते. गावागावांत उजेड न्यायचा तर बेत कसा आखायचा, हे शिकायला ते आले होते. आणि त्यांना दाखवायला अंधारातली आळी हवी होती.

"दोन महिन्यांनी मला कायम करणार आहेत, आजी. हे कळलं तर घरी बसवतील. दोनच तास लाईट बंद ठेवा. दहा घरांना सौर दिवे फुकट मिळतील."

'फुकट' हा शब्द गिरणीच्या आवाजातूनही आळीभर ऐकू गेला. धर्मराज कुंपणावरून आत आला.

"वेणूआय, दोन तासांचा तर सवाल हाय. पोराचा भला व्हईल."

"पोराचा का तुझा?"

"दोघांचा."

आजीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "गुरुवारी बगू," एवढंच म्हणाली. आळीने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि कामाला लागली. धर्मराजने टीव्हीची छत्री उतरवून तिच्यात मिरच्या वाळत घातल्या. प्रत्येक घरच्या मीटरवर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण चढलं. आळीतला चंदर खांबावर चढला आणि दिव्याला त्याने बायकोचं काळं लुगडं गुंडाळलं. ते लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचं निघालं, त्यावरून त्यांच्या घरात दोन दिवस अबोला. फ्रीज उचलेना, म्हणून धर्मराजने त्यावर साडी टाकून वर देवीची तसबीर ठेवली. संध्याकाळी त्याच्या आईने सवयीने तिथे निरांजन लावलं. दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमधलं दूध काढायचं तर आधी देवी हलवावी लागे, आणि देवीला हात लावायचा तर आधी आंघोळ.

वेणूआजी ओट्यावरून हे सगळं बघत होती. लाईट आणायला आळीतलं एक माणूस तिच्याबरोबर बदलापूरला आलं नव्हतं. लपवायला सगळी आळी एक झाली होती. तिने मनात ठरवून टाकलं. पाहुणे येतील, मॅडम बोलतील, आणि मग ती सगळ्यांदेखत गिरणीचा खटका वर करील. बघा म्हणावं, वेणूची लाईट.

गुरुवारी पाहुणे आलेच नाहीत. अंबरनाथचं शिवमंदिर बघता बघता त्यांचा दिवस गेला. पुष्करचा फोन आला, उद्या येतो. उद्या शुक्रवार होता. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जाते, ती संध्याकाळी पाचला येते. म्हणजे आली तर येते. आठवड्यातला तो एक दिवस गिरणी बंद असते आणि वेणूआजी ओट्यावर पाठ टेकते. पण इतकी वर्षं जो वार तिच्या पाठीला ठाऊक होता, तो या गडबडीत तिच्या डोक्यातून गेला. बाकीच्यांनी मेन स्विच आदल्या दिवशीच पाडून ठेवले होते, त्यामुळे लाईट आहे की गेली हे आळीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी आली. मॅडम उतरल्या, पाहुणे उतरले, मागून पुष्कर उतरला, तापातून उठल्यासारखा. धर्मराजच्या घरात एका पाहुण्याने बूट काढून फ्रीजला नमस्कार केला. मग सगळे गिरणीत आले. नवी साडी नेसून वेणूआजी खटक्याशेजारी उभी होती. मॅडम पाहुण्यांशी इंग्रजीत बोलल्या आणि मग आजीसाठी मराठीत म्हणाल्या, "या माउलीच्या घरात सात पिढ्या अंधार आहे."

"बास!" वेणूआजी म्हणाली. "आता बगा."

पुष्करने डोळे मिटले. आजीने खटका वर केला.

काही झालं नाही.

तिने खाली केला, पुन्हा वर केला. गिरणी ढिम्म. तिने तिसऱ्यांदा केला, मोटरवर एक चापट मारली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आज शुक्रवार. तिला वाटलं, त्या बदलापूरच्या साहेबाने इतक्या वर्षांनी दावा साधला.

मॅडमचे डोळे मात्र भरून आले होते. "पाहिलंत? मशीनसुद्धा आणून ठेवलंय. विजेच्या आशेवर!"

आठही जण वहीत लिहू लागले. नाही, सातच. आठवी एक नेपाळची बाई होती, पन्नाशीची, बसक्या नाकाची, दमलेल्या डोळ्यांची. तिने गिरणीच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. बोटाला पीठ लागलं. तिने खटका पाहिला. बोटं लागून लागून तो गुळगुळीत झाला होता. मग ती आजीजवळ आली आणि हळूच हिंदीत म्हणाली, "माँजी, कितने बजे आएगी?"

उल्हासनगरच्या बाजारात जन्मभर घासाघीस करून शिकलेली हिंदी आजीच्या तोंडी आली. "पाच बजे. शुक्रवार है ना. आयी तो आयी, नहीं तो सोमवारकू जाके भांडने का."

नेपाळी बाई हसत सुटली. "हमारे यहाँ तो जाने का टाइमटेबल छपता था, माँजी. उसको देखकर चावल चढ़ाते थे."

"तुमारे इधर भी खांब था?"

"खंभा भी था, तार भी था।"

"लाईट नहीं थी."

"लाईट नहीं थी।"

दोघी एकाच पोत्यावर बसल्या. मग वेणूआजीने एकोणीस खेपा सांगितल्या, विसावी सांगितली, खांबाचं हळदकुंकू सांगितलं. नेपाळी बाईने त्यातला शब्द न् शब्द लिहून घेतला आणि उठून मॅडमना इंग्रजीत सांगितला.

मॅडमनी मीटरवरचं तोरण बाजूला केलं. आतला आकडा पाहिला. तोरण परत नीट लावलं.

"पुष्कर," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "हे असं कसं लिहिलंस?"

"मॅडम, 'वीज आली आहे का' एवढंच विचारायचं होतं. आजींना वाटलं, आभाळातली."

"असला प्रश्न काढला कोणी?"

पुष्करने फाइल उघडली, शेवटच्या पानावरच्या सहीवर बोट ठेवलं आणि जमिनीकडे बघत राहिला. सही मॅडमची होती. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिल्या. नंतर पुष्कर कायम झाला. त्याला काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं.

कागद मात्र बदलला. त्यात आता आलं की चामटोलीच्या या आळीत लाईट आहे, ती वेणूबाईंनी आणली, पण जेव्हा हवी तेव्हा ती नसते. दहा दिव्यांचा बेत रद्द झाला, धर्मराजचं तोंड महिनाभर सुजलेलं राहिलं, आणि गिरणीच्या छपरावर सौर पत्रे बसले. खटका पहिल्यांदा वर करायला वेणूआजीलाच बोलावलं. गिरणी शुक्रवारी, लाईट नसताना, गरगर फिरली. आजीने पत्र्यांना हळदकुंकू लावलं.

आता शुक्रवारी आसपासच्या सगळ्या गिरण्या बंद असतात, एक वेणूआजीची सोडून. त्यामुळे शेजारची अर्धी वांगणी दळण घेऊन चामटोलीला येते. रांग सकाळी सातला लागते ती ऊन उतरेपर्यंत संपत नाही. ओट्यावर पाठ टेकायचा वार गेला.

अशाच एका शुक्रवारी फोन वाजला. आजीच्या पापण्यांवर पीठ होतं, मान मोडून आली होती.

"नमस्कार आजी. मी ओवी, अंबरनाथहून. पुष्करसरांच्या जागी आता मी फोन करते. आपल्या प्रकल्पाची पाहणी आहे. आम्ही फॉर्ममधून 'वीज' शब्द काढून टाकलाय, लोकांचा गोंधळ होतो म्हणून. दोनच मिनिटं. आपल्याकडे ऊर्जा आहे का?"

वेणूआजी भिंतीला टेकली. ऊर्जा म्हणजे अंगातली ताकद, हे तिला धर्मराजच्या टीव्हीवरच्या जाहिरातींनी शिकवलं होतं. असं आपुलकीने तिला कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "जरा पन नाय उरली."

"अरे! कधीपासून?"

"तुमच्या लोकांनी ते पत्रे लावले ना, तवापासून."

पलीकडे कागदाचा आवाज झाला. "आणि बाकीच्यांकडे?"

आजीने मागे पाहिलं. जयदेव पोत्यावर डोकं टाकून उभ्या उभ्या झोपला होता. अंजनी कमरेला हात लावून रांगेकडे बघत होती. कुंपणापलीकडे धर्मराज, तो तर जन्माचाच तसा.

"लिव," वेणूआजी म्हणाली. "धाच्या धा घरं. कोनाकडंच नाय."