सात तासांची सरहद्द

जर्मनीने युरोपातली किती जमीन बळकावली, हे महाळुंग्याचे सखाराम हवालदार मैलांत सांगत नसत, तासांत सांगत. तास म्हणजे नांगराची एक रेघ.

"पैल्या साली येक तास मारला. कुनी बोललं न्हाई. दुसऱ्या साली आख्खा बांध खाल्ला. विलायतचा पंतप्रधान म्हनला, जाऊ द्या, शेजारधर्म हाय! अरं, बांध कोरनारा येका तासावर थांबतो व्हय?"

सुएझच्या भांडणाचे ते दिवस होते. मी पुण्याच्या एका दैनिकाला चाकण भागाच्या बातम्या पाठवत असे. गेल्या महायुद्धात मिसरच्या वाळवंटात लढून आलेले हवालदार रोज सकाळी महाळुंग्याहून चालत चाकणच्या एसटी थांब्यावर येत. गाडीतून पेपरचा गठ्ठा खाली पडताच त्यांचा प्रश्न ठरलेला.

"कुनी कुनाचा बांध कोरला?"

मग चहाच्या दुकानात बाकावर बटाटे मांडून ते जग उभे करत. मोठा बटाटा रशिया, किडका विलायत. कालव्यासाठी चहा सांडत. दुकानदार ओरडे, "हवालदार, कालवा पुसून जा!"

एका बड्या राष्ट्राने अग्निबाण सोडण्याची धमकी दिल्याचे मी वाचून दाखवले, तेव्हा ते बाकावर चढले.

"तवा काठी-कुऱ्हाड हुती, राव! आता शेजाऱ्याच्या गंजीला डायरेक काडी! पन गंजी पेटल्यावर वारा इचारतो का, फुडलं खळं कुनाचं?"

कोपऱ्यातून एक शेतकरी म्हणाला, "जगाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या किसननं तुमचं सात तास खाल्लं, तवा तुमची पलटन कुठं हुती?"

किसन म्हणजे हवालदारांचा धाकटा भाऊ. ही गोष्ट खरी होती. हवालदार बाकावरून उतरले. "आता बघाच," म्हणाले. "माघार न्हाई."

आठवड्याने त्यांनी पंच बोलावले. मलाही निरोप आला, "पेपरात घाला." खाकी कोट घालून ते शेतात उभे होते. बांधापलीकडे ज्वारीत किसन खाली मान घालून उभा होता. हद्दीचा जुना दगड त्याच ज्वारीत, सात तास आत पुरलेला होता. ती नेमकी जागा पंचांना दाखवू शकतील असे एकटे हवालदारच होते.

पंच म्हणाले, "हवालदार, दावा दगड."

हवालदार ताडताड चालत आले आणि आहे त्या बांधावरच थांबले. बुटाची टाच आपटली.

"हितंच हुता."

"नीट आठवा."

"पलटनीत नकाशे वाचलेत म्या. हितंच."

पंच चरफडत निघून गेले. मी विचारले, "हवालदार, लढाईआधीच शरणागती?"

त्यांनी बुटाने बांधावरचे एक ढेकूळ फोडले.

"आय गेली तवा मी मिसरात. कागद आला तवा म्हयना झाला हुता. तिच्या तोंडात पानी किसननं घातलं. खांदा त्यानंच दिला. माझ्या वाट्याचं जे करायचं, ते बी त्यानंच केलं." मग ज्वारीकडे बघत म्हणाले, "दगड दावला असता, तर त्यो पुन्यांदा बांधाला आला असता का?"

किसन ज्वारीतून दोन पावले पुढे आला. घसा खाकरून म्हणाला, "दादा, तंबाखू हाय का?"

हवालदारांनी घाईघाईने सगळे खिसे चाचपले. चंची सापडली. ती तिथूनच फेकता आली असती. ते बांध ओलांडून पलीकडे गेले आणि भावाशेजारी उकिडवे बसले.