एका चुलीच्या दोन उंचींची हकीकत

श्रीअन्नपूर्णेचे स्मरण करून तिच्याच घरची गोष्ट सांगणे आहे. शके सतराशे चार, शुभकृत् नाम संवत्सरी, राज्याचा मुदपाकखाना, म्हणजे राजांचे स्वयंपाकघर, वाळवीने खचले आणि नवे बांधणे प्राप्त झाले. राजे मोहिमेवर, सबब निर्णय घरच्या दोघींवर आला. मातोश्री भिवराबाईंचा हात पाटावर बसूनच चाले. आणि राणी रंभाबाईंची कंबर वाकताच धरे, म्हणून त्यांस बंदरावरील परदेशी वखारीत पाहिला तसा उभ्याने रांधावयाचा ओटा, ओढते खण आणि धुरांडे हवेसे झाले. सासूबाई नाही म्हणतील या धास्तीने त्यांनी हळूच विषय काढिला, आणि मातोश्री पुसत्या झाल्या, की खण ओढिला म्हणजे आतील मोहरी सांडत कैसी नाही? रंभाबाईंस हायसे वाटले. मग कोंडाजी गवंडी मांडणी कैसी म्हणून पुसावयास आला, तेव्हा मातोश्री वदल्या, "मांडणी जुनी तीच राहील. बाकी सूनबाई म्हणतील तैसे." आणि रंभाबाई निश्चिंत मनाने माहेरी गेल्या.

परतून पाहतात तो ओट्याचा पत्ता नाही. तीच बैठी चूल, तोच अंधार. सासूबाईंनी पाठीमागे शब्द फिरविला असे वाटून त्या रागाने बोलून गेल्या, "आमची चूल वेगळी मांडा." चूल वेगळी म्हणजे राज्याची वाटणी, हे दरबारात कोणास सांगावे लागत नाही. मग कारभारी घाबरे झाले आणि सरदार कोणत्या पंक्तीस बसावे या विचारी पडले, आणि रंभाबाई दार लावून विचार करीत बसल्या, की तोंडून गेले ते खरेच हवे होते काय? तो मातोश्री स्वतः दाराशी आल्या.

"सूनबाई, ते खण कुठे गेले गं? मी वाट पाहत्ये."

"आपणच ना म्हणालात, मांडणी जुनी राहील?"

"अगं, मांडणी म्हणजे ती भांड्यांची फळी. डबे कपाटात कोंडले की मला सापडत नाहीत. कोंडाजीने अवघे घरच फळीवर चढविले."

रंभाबाईंस हसू आवरेना. मग दोघींनी गवंड्यास पुढ्यात बसविले आणि ओटा पायरीचा करविला: खालच्या पायरीवर मातोश्रींची चूल, आणि तिचाच जाळ नळीने चढून वरच्या पायरीवर रंभाबाईंच्या वैलास, म्हणजे जोडचुलीस, मिळे. पहिल्याच दिवशी मातोश्रींनी आमटीत गूळ घातला आणि रंभाबाईंनी ती वैलावर घेऊन मिरची वाढविली, आणि सरदारांनी मुकाट्याने पाने चाटून पुसून ठेविली.

येणेप्रमाणे जाळ एक, म्हणून राज्य एक राहिले. आमटी गोड की तिखट, हा तंटा तेवढा चालू आहे.