ग्रह पूर्ण झाल्याचा दाखला

नव्या ग्रहाची नोंद करायची, तर अर्जदार नोकरीत असावा लागतो. वेधशाळेतल्या निरीक्षक बाईंची निवृत्ती एकवीस दिवसांवर आली होती. एकोणीस वर्षं त्या एका कोवळ्या ताऱ्याभोवतीची धुळीची चकती पाहत होत्या. त्या धुळीत एक गोल, स्वच्छ पट्टा उमटला होता. कणाला कण चिकटून खडे, खड्यांचे डोंगर, आणि आता तिथे एक ग्रह आकाराला येत वाटेतली धूळ गिळत होता. “परक्याची धूळ पुष्कळ बघितलीस, आता कपाटावरची बघ,” असं सासूबाई म्हणत. पण बाईंनी नेम सोडला नाही. निवृत्तीआधी नोंद झाली नाही, तर फाइल बंद आणि ग्रह बेवारस.

नोंदणी कार्यालयात तिसऱ्या खिडकीवर वरिष्ठ लिपिक बसत. दिसेल त्या कागदावर शेरा मारत, म्हणून त्यांना सगळे शेरेबुवा म्हणत.

“ताई, पत्त्यापुढे ‘सध्या’ असं का लिहिलंय?”

“तो हळूहळू ताऱ्याकडे सरकतोय. भोवतालचा वायू ओढतो त्याला. लहानपणी ग्रह सरकतात.”

“सरकतात म्हणून कसं चालेल? आम्ही पत्रं कुठे पाठवायची?” त्यांनी शेरा मारला : ग्रह स्थिर वृत्तीचा नाही.

बाईंनी प्रतिज्ञापत्र आणून दिलं. मग धूळ कोणाच्या मालकीची, हा प्रश्न निघाला. ताऱ्याचं ना-हरकत पत्र हवं. पण तारा जेमतेम दहा लाख वर्षांचा, म्हणजे कायद्यानं अज्ञान. त्याचा पालक शोधण्यात दोन आठवडे गेले. शेवटी पालकाच्या रकान्यात बाईंनीच सही केली.

“झालंच आता,” शेरेबुवा म्हणाले. “फक्त काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडा.”

“अहो, त्याला अजून लाखो वर्षं लागतील.”

“लागू देत की. आम्हाला कुठे घाई आहे?”

“मला आहे. परवा निवृत्त होतेय मी.”

“मग ग्रहाला सांगा, जरा उरक म्हणावं.”

“आणि दाखला देणार कोण? ज्यानं हे सगळं घडवलं, त्याच्याकडे मागू?” बाईंचे हात नकळत जोडले गेले.

“मागा ना. पण सही-शिक्क्यानिशी आणा. तोंडी आशीर्वाद ग्राह्य नाहीत.”

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “आपल्या या ग्रहाची फाइल दाखवता का? तिच्यासारखीच माझी करून देते.”

विनंती साधी होती, पण आजवर कुणी केली नव्हती. शेरेबुवा आत गेले ते दोन तासांनी घामाघूम होऊन आले. फाइलमध्ये दाखलाच नव्हता! साडेचारशे कोटी वर्षं झाली तरी आकाशातून रोज धूळ पडते, म्हणजे माल अजून येतोच आहे. पृथ्वीच्या पोटात आग तशीच आहे. डोंगर उंच होताहेत, जमिनी सरकताहेत. चंद्र दर वर्षी थोडा थोडा लांब चाललाय, तेही कुणी कळवलेलं नाही.

“आणि काम चालू असताना लोक राहायला आले!” शेरेबुवा ओरडले.

आरडाओरडा ऐकून कार्यालयाचे मोठे साहेब बाहेर आले, त्यांनी दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवल्या आणि जागेवर निर्णय दिला. बाईंचा ग्रह अपूर्ण असला, तरी त्यावर अनधिकृत रहिवासी एकही नाही. सबब नोंद मंजूर. ओल्या शिक्क्याचा कागद हाती पडताच बाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या फाइलवर साहेबांनी लिहिलं : रहिवाशांनी पंधरा दिवसांत ग्रह रिकामा करावा.

“साहेब, त्यात आपणही आलो,” शेरेबुवा चाचरत म्हणाले.

“आपण कसे? आपण इथे राहत नाही, कर्तव्यावर आहोत.”

“पण लोक जातील कुठे हो?” बाईंनी विचारलं.

“तो विषय या कार्यालयाचा नाही.”

आता एवढ्या लोकांना नोटीस पोचवायची कशी? तेवढी पाकिटं भांडारात नव्हती. तेव्हा साहेबांनी हा सगळा वृत्तांत गोष्ट म्हणून छापायला दिला. जो इथवर वाचत येईल, त्याला नोटीस रीतसर पोचली असं समजण्यात येईल. मुदत आजपासून मोजावी.