हिंगाच्या डबीतला रुपया

"अवो, ऐका नं! माह्या मायचा रुपया काळा पडला!" मैनाबाई हिंगाची डबी हातात धरून ओरडली.

अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसलेले खुशालराव धावतच आत गेले. सासूनं लग्नात दिलेला राणीछाप रुपया गेली चार वर्षं त्या डबीत होता. हिंगात चोर हात घालत नाही, हा मैनाबाईचा स्वतःचा शोध. शुक्रवारी लेकीचं, वच्छलाचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता आणि आजीचा तोच रुपया नातीच्या ओटीत घालायचा होता. आता तो कडेनं निळा, मधे जांभळा, आणि राणीच्या गालावर चक्क सोन्यासारखा पिवळा!

आरडाओरडा ऐकून शेजारचे जानराव आले. जानरावांना कळत नाही अशी गोष्ट अजून नांदगाव पेठेत घडायची होती. त्यांनी रुपया उन्हात फिरवून पाहिला.

"खुशालराव, हे साधं काम नाई. टांकसाळीत चांदीच्या कढईत सोनं सांडलं असन! अमरावतीचे केशवराव वकील असे चुकलेले नाणे इकत घेते. शंभर रुपये देते म्हणते!"

"रुपया इकाचा नाई," मैनाबाई म्हणाली. "लेकीच्या ओटीत काय घालू, वांगे?"

"अवं, शंभरात तिले पाटल्या होईन!" खुशालराव म्हणाले.

"शंभर नाई आले, त संध्याकाळी तोच रुपया माह्या हातावर पाह्यजे. सांगून ठेवतो!" मैनाबाईनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी भाजीची गाडी घेऊन खुशालराव अमरावतीला गेले. रुपया धोतराच्या सोग्यात घट्ट बांधलेला. बंडीच्या खिशात मात्र एक जुनी पीडा होती. कोणीतरी वांग्यांच्या बदल्यात दिलेला पांढरा पैसा. छाप तांब्याच्या पैशाचाच, पण रंग पांढराफटक. कल्हई लावून आपल्याला गंडवलं, याची त्यांना खात्री होती. तो पानवाला घेईना, चहावाला घेईना. नत्थुजी न्हाव्यानं तर तो पाहून अर्ध्या दाढीवरच वस्तरा थांबवला होता.

वाटेत अंबादेवीचं देऊळ लागलं. खुशालरावांनी हात जोडले. "माय, या रुपयाचे शंभर होऊ दे!" आणि इकडंतिकडं पाहून तो पांढरा पैसा हळूच दानपेटीत सरकवला. देवी तरी परत करत नाही! सहा महिन्यांची ब्याद गेली म्हणून ते भलते खूश झाले.

वकिलांनी रुपयावर भिंग धरलं. मग नाकाशी नेला आणि सणसणीत शिंकले.

"हा फोडणीत होता काय हो?"

"डबीत होता जी. हिंगाच्या."

"मग हिंगानंच रंगवला. चांदीला हिंग लागला की असंच होतं. चिंच अन् राख लावून घासा, पांढरा होईल."

"पण जानराव त म्हणे, चुकलेलं नाणं…"

"चूक टांकसाळीची लागते, घरच्या बाईची नाही." वकील हसले, मग त्यांनी उसासा टाकला. "वीस वर्षं झाली, एकच नाणं शोधतोय. पैशाचा शिक्का चुकून चांदीच्या चकतीवर बसलेला. असा पांढरा पैसा. लोक कल्हईचा समजून फेकून देतात, गाढव लेकाचे! कोणी आणला तर उभ्या पायी शंभर मोजीन."

खुशालरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले ते थेट देवळात.

"महाराज, पेटीत माहा एक पैसा पडला. तेवढा वापस द्या जी!"

"देवीला वाहिलेला पैसा परत मागता? तोही एक?" पुजारी कडाडले. सगळी रांग मागं वळून पाहू लागली. पार्बताबाई नावाच्या एका म्हातारीला राहवलं नाही. तिनं कनवटीचा एक पैसा काढून खुशालरावांच्या हातावर ठेवला.

"घे बाप्पा. लय वाईट दिवस आले दिसते तुह्यावर."

संध्याकाळी मैनाबाईनं चिंच-राखेनं रुपया घासला. तो असा लखलखला की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माही मायच आली वं साक्षगंधाले!" ती वच्छलाला म्हणाली. मग तिला आठवलं. "अन् तो कल्हईचा पैसा वो?"

"देवीले वाह्यला," खुशालराव भिंतीकडं पाहत म्हणाले.

"बरं झालं, गेला एकदाचा! पण तुमी असं तोंड पाडून कावून बसले? एका पैशाचं त दान केलं, अन् बसले असे, जसे शंभर रुपये वाह्यले!"